सौम्य आम्लालाही तीव्र आम्लाइतकंच सोडियम हायड्रॉक्साइड का लागतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचा पीएच १, आणि तेवढ्याच ॲसिटिक आम्लाचा सुमारे २.९. म्हणजे दुसऱ्यात हायड्रोजन आयन कितीतरी कमी. तरीही प्रत्येकी २५ मिली घेतलं तर दोघांनाही ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड २५ मिलीच लागतं. शिवाय तुम्हाला कुणीतरी सांगितलंय की सौम्य आम्ल हळूहळू तुटतं, म्हणून टायट्रेशन (ब्युरेटमधून अल्क टाकत आम्ल किती आहे ते मोजणं) सावकाश करायचं. पहिली गोष्ट बरोबर आहे आणि तिचं कारण आकड्यांतच दिसतं. दुसरी साफ चूक आहे.

आकड्यांपासून सुरुवात करू. २५ मिली ०.१ मोलार आम्ल म्हणजे ०.००२५ मोल. ॲसिटिक आम्लाचा विचरण स्थिरांक, म्हणजे ते पाण्यात किती तुटतं याचं माप, २५ अंश सेल्सिअसला ०.००००१८ आहे. त्यावरून या द्रावणात हायड्रोजन आयनांची संहती ०.००१३ मोलार निघते, म्हणजे १०० रेणूंतला जेमतेम १.३ रेणू तुटलेला. अख्ख्या २५ मिलीत सुटे आयन फक्त ०.००००३३ मोल. अल्काला एवढेच आयन मिळणार असते, तर ब्युरेटमधून ०.३३ मिली, म्हणजे सहा-सात थेंब पडले की फिनॉल्फ्थॅलिन (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक) गुलाबी व्हायला हवं होतं. प्रत्यक्षात तुम्ही थेंबामागून थेंब टाकत राहता आणि रंग काही टिकत नाही.

याचं कारण समतोल म्हणजे काय यातच आहे. समतोलात अभिक्रिया थांबलेली नसते. ॲसिटिक आम्लाचे रेणू तुटत असतात आणि ॲसिटेट व हायड्रोजन आयन पुन्हा जुळत असतात. दोन्हींचा वेग सारखा, म्हणून बाहेरून काही बदलताना दिसत नाही. तुम्ही हायड्रॉक्साइड टाकलं की ते सुटे हायड्रोजन आयन पकडून पाणी करतं. आता जुळायला आयन कमी उरतात, जुळण्याचा वेग पडतो, तुटण्याचा मात्र जवळपास तोच राहतो. निव्वळ परिणाम: नवे रेणू तुटतात. शिवाय हायड्रॉक्साइड न तुटलेल्या रेणूकडूनही थेट प्रोटॉन (म्हणजे हायड्रोजन आयनच) हिसकावतं. दोन्ही वाटांनी जाऊन पोहोचायचं ठिकाण एकच. ॲसिटिक आम्ल आणि हायड्रॉक्साइड या अभिक्रियेचा समतोल स्थिरांक काढायचा तर ०.००००१८ ला पाण्याच्या आयनी गुणाकाराने (पाण्यातल्या हायड्रोजन आणि हायड्रॉक्साइड आयनांच्या संहतींच्या गुणाकाराने) भागा. उत्तर येतं १.८ अब्ज. एवढ्या मोठ्या स्थिरांकाची अभिक्रिया व्यवहारात पूर्णच होते.

थोडक्यात, पीएच या क्षणी मोकळे हायड्रोजन आयन किती आहेत ते सांगतो आणि टायट्रेशन एकूण किती आहेत ते मोजतं. तीव्र-सौम्य (आम्ल किती तुटतं) आणि संहत-विरल (द्रावणात आम्ल किती आहे) या जोड्यांची गल्लत होते ती इथेच. पडताळा हवा असेल तर कॉनिकल फ्लास्कमधल्या २५ मिली ॲसिटिक आम्लात ऊर्ध्वपातित पाणी घालून ते २५० मिली करा. विचरण १.३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या वर जातं, पीएच ३.४ च्या आसपास येतो, आणि ब्युरेटचं वाचन? पुन्हा २५ मिलीच. म्हणूनच फ्लास्कच्या कडेला चिकटलेले थेंब पाण्याने खाली धुवून घेताना घाबरायचं कारण नाही.

आता वेगाबद्दल. ॲसिटिक आम्लाचा रेणू पाण्यात न तुटता सरासरी मायक्रोसेकंदभरच राहतो. टायट्रेशनच्या हिशेबात हे तत्काळच. असल्या अतिजलद अभिक्रिया मोजण्याची युक्तीही समतोलावरच बेतलेली आहे: समतोल एकदम बिघडवायचा आणि तो किती वेळात पूर्ववत होतो ते पाहायचं. मॅनफ्रेड आयगेन यांनी ही पद्धत विकसित केली आणि १९६७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना नॉरिश व पोर्टर यांच्यासोबत मिळालं. मग थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटून क्षणभर का रेंगाळतो? तिथे हायड्रॉक्साइड तेवढ्यापुरतं जास्त झालेलं असतं आणि फ्लास्क फिरवेपर्यंत बाजूचं आम्ल त्याच्याजवळ पोहोचत नाही. तो वेळ मिसळण्याचा असतो, अभिक्रियेचा नव्हे. शेवटाकडे ठिपका जास्त रेंगाळतो, कारण आम्ल थोडंच उरलेलं असतं. तेव्हा २३ मिलीपर्यंत बिनधास्त धार सोडा आणि शेवटच्या दोन मिलीला थेंबाथेंबाने जा. हायड्रोक्लोरिक आम्लासाठीही हेच करायचं असतं.

सावकाश करायला सांगणाऱ्याचा गोंधळ बहुधा मॅग्नेशियमच्या प्रयोगातून आला असावा, कारण तिथे वेगातला फरक खरोखर दिसतो. ०.०२४ ग्रॅम मॅग्नेशियमची फीत घ्या (वरचा ऑक्साइडचा थर पॉलिश पेपरने घासून काढा, नाहीतर सुरुवातीला काहीच घडत नाही) आणि ती २५ मिली ०.१ मोलार आम्लात टाका. हायड्रोक्लोरिक आम्लात बुडबुडे भराभर येतात, ॲसिटिकमध्ये संथपणे. पण फीत विरघळून संपेपर्यंत थांबलात तर दोन्हीकडे हायड्रोजन सारखाच जमतो, २५ अंशाला सुमारे २४ मिली. सुरुवातीच्या सुट्या आयनांवरच मदार असती तर ॲसिटिकमध्ये ०.४ मिली वायू निघून काम थांबलं असतं. हायड्रोजन आयन ७५ पट कमी, म्हणून वेगही ७५ पट कमी, असा हिशेब मात्र करू नका. फितीजवळचे आयन वापरले गेले की तिथल्याच न तुटलेल्या रेणूंतून नवे मिळत राहतात.

लागणारं अल्क सारखं असलं तरी दर्शक सारखा चालत नाही, आणि बहुतेकांचं टायट्रेशन फसतं ते इथे. समबिंदूला, म्हणजे सगळ्या आम्लाला पुरेल एवढंच अल्क पडलं की, फ्लास्कमध्ये ०.०५ मोलार सोडियम ॲसिटेट असतं. ॲसिटेट आयन पाण्याकडून थोडे प्रोटॉन घेतो, त्यामुळे पीएच ७ नव्हे तर ८.७ च्या आसपास असतो. समबिंदूच्या एक थेंब अलीकडे, २४.९५ मिलीला पीएच ७.४ असतो आणि एक थेंब पलीकडे, २५.०५ मिलीला १०. हायड्रोक्लोरिक आम्लात याच दोन थेंबांत ४ पासून १० पर्यंत उडी बसते. फिनॉल्फ्थॅलिनचा रंग साधारण ८.२ ते १० मध्ये बदलतो, म्हणून ते दोन्हीकडे चालतं.

मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. हायड्रोक्लोरिक आम्लाला ते चालून जातं. ॲसिटिक आम्लात मात्र पहिल्या अर्ध्या मिलीच्या आतच रंग सरकायला लागतो आणि ८ मिलीच्या सुमारास तो पूर्ण पिवळा झालेला असतो. मधल्या सात-साडेसात मिलीत लाल, नारिंगी, पिवळा असा कंटाळवाणा प्रवास. 'एंड पॉइंट नीट कळत नाही' अशी तक्रार असेल तर आधी दर्शकाची बाटली पाहा. पीएच मीटर हाताशी असेल तर १२.५ मिलीला थांबून वाचन घ्या. तिथे अर्धं आम्ल ॲसिटेट झालेलं असतं आणि मीटरवरचा आकडा, साधारण ४.७, हाच त्या आम्लाचा पीकेए (विचरण स्थिरांक पीएचसारख्या मापात मांडलेला; जितका मोठा तितकं आम्ल सौम्य).

वाचन २५ च्या जवळ येत नसेल तर मी या क्रमाने शोधेन. फ्लास्क आम्लाने खंगाळला होता का? तो फक्त ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचा, नाहीतर आत राहिलेलं आम्लही मोजलं जातं आणि वाचन वाढतं. ब्युरेट उलट सोडियम हायड्रॉक्साइडच्याच द्रावणाने खंगाळायची. आत पाणी राहिलं तर अल्क विरळ होतं आणि वाचन पुन्हा वाढतं. ब्युरेटच्या टोकात हवेचा बुडबुडा होता का? तो मध्येच निघाला तर तेवढं आकारमान फुकट मोजलं जातं.

एवढं करूनही जमत नसेल तर दोष सोडियम हायड्रॉक्साइडचा. ते हवेतली ओल आणि कार्बन डायऑक्साइड ओढतं, त्यामुळे ४ ग्रॅम वजन करून लिटरभर द्रावण केलं की ते ०.१ मोलार झालं, असं धरून चालत नाही. ऑक्झॅलिक आम्लाचे स्फटिक, दोन पाण्याच्या रेणूंसह असलेले, १.५७६ ग्रॅम घेऊन २५० मिली द्रावण करा. ते ०.०५ मोलार झालं. प्रत्येक रेणू दोन प्रोटॉन देतो, म्हणून याच्या २५ मिलीला नेमकं ०.१ मोलार अल्कही २५ मिलीच लागायला हवं. दर्शक फिनॉल्फ्थॅलिनच.

गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. त्यानंतर तो फिका पडला तर आणखी थेंब टाकू नका. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच खाली आणत असतो. लागोपाठची वाचनं ०.१ मिलीच्या आत जुळली की पुरे.

हे सगळं किती सौम्य आम्लापर्यंत चालतं, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. बोरिक आम्लाचा पीकेए ९.२ च्या आसपास आहे. वर १.८ अब्ज आलेला स्थिरांक इथे साठ हजारांच्या आसपास येतो, समबिंदूपाशी उडीच उरत नाही आणि गुलाबी रंग कित्येक मिली आधीपासून हळूहळू चढत जातो. तिथे फ्लास्कमध्ये मॅनिटॉल किंवा ग्लिसरॉल घालतात. बोरिक आम्ल त्याच्याशी संयोग पावून बरंच तीव्र होतं आणि मग फिनॉल्फ्थॅलिन वापरून नेहमीसारखं टायट्रेशन करता येतं.