‘दाट शक्यता’ म्हणजे किती आणे?

देवगडकडच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. मच्छीमार सोसायटीच्या फळ्यावर हवामानाची सूचना लिहिण्याचं काम त्यांच्याकडे असतं. ते विचारतात: “हवामान खातं ‘शक्यता’ म्हणतं, समुद्राची पातळी वाढण्याच्या बातमीत ‘दाट शक्यता’ असते, कुणी ‘अंदाज’ लिहितं, कुणी ‘भाकीत’, कुणी ‘इशारा’. यांत फरक काय? फळ्यावर ‘शक्यता’ लिहिलं की लोक म्हणतात, ‘म्हणजे नक्की नाय मां?’ आणि होड्या काढतात. शास्त्रज्ञ सरळ ‘होणार’ का म्हणत नाहीत? आणि ‘शक्यता वर्तवली’ हे बरोबर का?”

आधी ‘शक्यता’च घेऊ, कारण खरी अडचण तिथेच आहे. बोलण्यातल्या मराठीत हा शब्द अंग काढून घेण्यासाठी वापरला जातो. लग्नाचं आमंत्रण दिल्यावर पाहुणा “येण्याची शक्यता आहे” म्हणाला, तर यजमान त्याचं पान धरत नाही. चौकशी चालू असलेला अधिकारी “घातपाताची शक्यता नाकारता येत नाही” म्हणतो, तेव्हा त्याला काहीच सांगायचं नसतं. अशा वापराने गुळगुळीत झालेला शब्द घेऊन शास्त्रज्ञ समोर आला, तर ऐकणाऱ्याने त्याचा रोजचाच अर्थ लावला यात ऐकणाऱ्याचा दोष नाही.

शास्त्रात मात्र ‘शक्यता’ हे माप आहे. दहावीच्या गणितात त्याला ‘संभाव्यता’ म्हणतात: शून्य म्हणजे होणे नाही, एक म्हणजे झालंच, बाकी सगळं मधे. म्हणून संभाव्यता आणि शक्यता यांत फरक कोणता, तर संभाव्यतेला आकडा लागतोच. ‘शक्यता’ आकड्याशिवाय खपते, आणि तशी खपते म्हणूनच ती फसवते.

आता गंमत बघा. हवामानबदलावरची जागतिक समिती, आयपीसीसी, आपल्या अहवालांत ‘लाइकली’ लिहिते तेव्हा त्याचा अर्थ ठरलेला आहे: ६६ टक्के किंवा त्याहून जास्त. ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ९० टक्क्यांच्या वर, ‘एक्स्ट्रीमली लाइकली’ ९५ च्या वर, आणि ‘व्हर्च्युअली सर्टन’ ९९ च्या वर. आपल्या हवामान खात्याच्या इंग्रजी पत्रकांतही हेच शब्द आहेत, पण मापं वेगळी. तिथे ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे ५० ते ७५, आणि त्याच्या वर ‘मोस्ट लाइकली’. मराठीत येताना दोन्हीकडच्या ‘लाइकली’ची ‘शक्यता’ होते आणि दोन्हीकडच्या ‘व्हेरी लाइकली’ची ‘दाट शक्यता’. म्हणजे फळ्यावर उद्याच्या पावसाची ‘दाट शक्यता’ आणि पेपरात समुद्राची ‘दाट शक्यता’ एकाच दिवशी वाचणारा माणूस दोन वेगवेगळ्या मापांनी मोजलेला माल एकाच भावाने घेतोय.

मराठीला अशा मापांचं वावडं आहे असं मुळीच नाही. ‘सोळा आणे खरं’, ‘काम बारा आणे झालं’ हे आपण म्हणत आलोच आहोत. १९५७ साली दशमान नाणी आली, आणा, म्हणजे रुपयाचा सोळावा हिस्सा, व्यवहारातून गेला, पण पिकाचा अंदाज काढण्याला अजून ‘आणेवारी’ म्हणणारे आहेत. या जुन्या मापात खात्याची ‘शक्यता’ चार ते आठ आणे बसते आणि ‘दाट शक्यता’ आठ ते बारा आणे. आयपीसीसीची ‘शक्यता’ साडेदहा आण्यांच्या पुढे सुरू होते आणि तिची ‘दाट शक्यता’ जवळपास साडेचौदा आण्यांना. फळ्यावर आणे लिहा असं मी सुचवत नाही, नव्या पोरांना ते कळायचे नाहीत. ‘दहापैकी सात’ लिहा, ‘चारपैकी तीन’ लिहा. शब्द ठेवून शेजारी आकडा लिहिला तर लोकांना अर्थ जास्त नीट लागतो, हे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बुडेस्कू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासून दाखवलं आहे. २००९ साली त्यांना आढळलं की ‘व्हेरी लाइकली’ वाचून लोक ९० च्या बरेच खाली, पन्नाशीकडे झुकणारे आकडे सांगतात. पुढे २०१४ मध्ये २४ देशांतल्या लोकांवर केलेल्या अभ्यासातही तसंच चित्र दिसलं. तेव्हा ‘नक्की नाय मां?’ हा केवळ देवगडचा खाक्या नव्हे.

त्यातला आणखी एक शब्द तुम्ही विचारला नाहीत, पण फळ्यावर तो येतच असणार: ‘तुरळक ठिकाणी’. हाही मापाचा शब्द आहे. जिथे पाऊस मोजतात अशा ठिकाणांपैकी फार तर चौथ्या हिश्श्यात पाऊस, याला तुरळक म्हणतात. रत्नागिरी जिल्ह्यात नऊ तालुके. ‘तुरळक ठिकाणी अति मुसळधार’ असं पत्रक निघालं, खेड-चिपळूणला नदी फुगली आणि राजापुरात दिवसभर लख्ख ऊन पडलं, तर अंदाज बरोबर आला. राजापूरकर मात्र ‘खात्याचा अंदाज’ म्हणून हसणार. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला जेमतेम ७३. जिथे एका शहरात इतका फरक पडतो, तिथे अख्ख्या जिल्ह्यासाठी दिलेलं एक वाक्य प्रत्येक वाडीला कसं लागू पडेल? ‘मुसळधार’चीही तीच कथा. आपल्या लेखी ती पावसाची तऱ्हा, खात्याच्या लेखी ६४.५ मिलिमीटरला सुरू होणारी पायरी, ११५.६ ला ‘अति मुसळधार’ सुरू होतं.

आता ‘होणार’ का म्हणत नाहीत ते. मराठीत ‘पाऊस पडेल’ आणि ‘पाऊस पडणार’ एक नव्हेत. ‘पडणार’मध्ये बोलणारा शब्द देतो. ‘पडेल’मध्ये बहुतेकचा भाव आधीच आहे, म्हणून तर खात्री द्यायची असेल तेव्हा आपण ‘पडेलच’ असा ‘च’ लावतो. तुमच्या मालवणीत ही रेघ जास्त ठसठशीत आहे: ‘पाऊस येतलो’ म्हणणारा पैज लावायला तयार असतो, ‘पाऊस येयत’ म्हणणारा नसतो. गावागावांत रूपं थोडी बदलतील, पण कान हा फरक लगेच ओळखतो. शास्त्रज्ञाचं वाक्य बहुतेक वेळा ‘येयत’चं असतं, फक्त त्याच्यामागे आकडा असतो. बातमीत येताना त्याचं एक तर ‘येतलो’ होतं, नाही तर ‘पाऊस पडू शकण्याची शक्यता असल्याचे बोलले जात आहे’ असं चौघांनी मिळून उचललेलं काहीतरी होतं. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त चीड येते. ‘शकणे’ आणि ‘शक्यता’ एकाच धातूचे, एका वाक्यात दोन्ही कशाला? ‘पडू शकेल’ पुरतं, ‘पडण्याची शक्यता आहे’ही पुरतं.

आणि ‘येतलो’ केल्याने काय बिघडतं? समुद्राचंच घ्या. २०१९ साली किनाऱ्यांची उंची नव्याने मोजणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि ‘मुंबई २०५० पर्यंत बुडणार’ अशा तऱ्हेचे मथळे आले. अभ्यासात होतं ते असं, की अमुक इतकी जमीन वर्षातून एकदा तरी येणाऱ्या पुराच्या पातळीखाली जाईल. बांध, भिंती हे त्यात धरलेलं नव्हतं. आता भरतीच्या पातळीखालची जमीन म्हणजे काय ते कोकणात कुणाला शिकवायला नको. खाजणातली, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीतली, खारबंदिस्ती पाहा: बांध घालून खारं पाणी बाहेर अडवलेली शेती. बांधाबाहेर उधाणाचं पाणी भाताच्या वाफ्यापेक्षा वर चढलेलं असतं, उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची, दारं मिटलेली असतात, आणि आत पीक उभं असतं. ती जमीन ‘बुडालेली’ नाही. पण बांधाला खांड, म्हणजे भगदाड, गेली की एका रात्रीत खारं पाणी आत येतं आणि पुढची काही वर्षं ते शेत कामातून जातं. शास्त्रज्ञाला सांगायचं होतं ते हे: बांध किती उंच लागेल, खांडी किती वेळा जातील. मथळ्याने सांगितलं, ‘बुडणार’. उद्या २०५० उजाडलं आणि दादर जागच्या जागी दिसलं, तर खोटं कोण ठरेल? मथळा लिहिणाऱ्याचं नाव कुणाच्या लक्षात नसेल.

इथे अजून एक शब्द अडतो. दूरच्या काळाबद्दल आयपीसीसी ‘प्रोजेक्शन’ म्हणते, म्हणजे अमुक केलंत तर तमुक होईल. त्याला मराठीत ‘प्रक्षेपण’ म्हटलं जातं, पण प्रक्षेपण म्हटल्यावर आपल्याला क्रिकेट आठवतं, नाही तर श्रीहरिकोटा. मी ‘सशर्त अंदाज’ लिहितो. ‘जर-तरचा अंदाज’ अर्थाने जास्त जवळचा, पण ‘जर-तरच्या गोष्टी’ म्हणून आपण त्याची आधीच वाट लावून ठेवली आहे. २०२१ च्या अहवालातला सशर्त अंदाज असा: धूर आणि वायू झपाट्याने कमी केले, तर शतकअखेर जगभरच्या समुद्राची सरासरी पातळी १९९५ ते २०१४ च्या तुलनेत २८ ते ५५ सेंटिमीटर वाढेल, भरमसाट सोडत राहिलो, तर ६३ ते १०१ सेंटिमीटर. २८ आणि १०१ मधल्या अंतराला लोक ‘शास्त्रज्ञांनाच माहीत नाही’ म्हणतात. त्यातलं मोठं अंतर आपण काय करू ते ठरलेलं नसल्याचं आहे. बर्फाचे थर नेमके कसे ढासळतील याचं अज्ञानही आहेच, आणि ते अहवालाने लपवलेलं नाही. दोन मीटरच्या जवळपास जाणं ‘नाकारता येत नाही’ असं तिथे स्पष्ट म्हटलंय. हे त्या चौकशी अधिकाऱ्याचंच क्रियापद, पण इथे त्याच्यामागे हिशेब आहे.

झालेल्या गोष्टीला मात्र ‘शक्यता’ लावू नये, ही माझी ठाम सूचना. १९०१ ते २०१८ दरम्यान जगाच्या समुद्राची पातळी सुमारे २० सेंटिमीटर वाढली. ‘वाढली’, पूर्ण भूतकाळ. माणसामुळे तापमान वाढलं का, या प्रश्नाचं उत्तर तर पायरी-पायरीने बदलत गेलं आहे. १९९५ चा अहवाल म्हणाला, पुराव्यांचं पारडं बघता माणसाचा प्रभाव जाणवतो. २००१ मध्ये अलीकडच्या बहुतेक तापमानवाढीमागे माणूस असल्याची ‘शक्यता’, २००७ मध्ये ‘दाट’, २०१३ मध्ये ९५ टक्क्यांच्या वर. २०२१ मध्ये टक्के गेले आणि शब्द आला, ‘निःसंशय’. सव्वीस वर्षं घेऊन मिळवलेला शब्द आहे तो. मराठीत यातल्या मधल्या सगळ्या पायऱ्या एकाच ‘शक्यते’त कोंबल्या गेल्या, आणि मग शेवटचा ‘निःसंशय’ही कुणाला नवा वाटला नाही.

याच्या उलट उदाहरणही सांगायला हवं. २००७ च्याच अहवालाच्या एका प्रकरणात हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता ‘फार मोठी’ असल्याचं छापून आलं. शब्द मापाचा वापरला, मोजलेलं काहीच नव्हतं. जानेवारी २०१० मध्ये समितीने ते विधान निराधार असल्याचं जाहीर मान्य केलं, त्याच वर्षी बाहेरच्या शास्त्र-अकादमींकडून स्वतःच्या कामाची तपासणी करून घेतली, आणि पुराव्याशिवाय टक्केवारी चिकटवू नका असं तिथे ऐकूनही घेतलं.

‘अंदाज’ आणि ‘भाकीत’ यांचं लवकर आटपतो. अंदाज फारसीतून आला, मूळ अर्थाला मापाचा वास आहे, आणि मराठीत त्याची दोन टोकं झाली: एकीकडे ‘अंदाजपत्रक’, दुसरीकडे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’. हवामान खात्याचा अंदाज पहिल्या घरातला, लोक त्याला दुसऱ्यात ढकलतात. ‘भाकीत’ ज्योतिषाकडचं, ते खरं ठरतं किंवा खोटं, चारपैकी तीन वेळा खरं ठरत नाही. वाऱ्यापावसाबद्दल तो शब्द मी वापरत नाही.

‘इशारा’ मात्र वेगळ्या जातीचा. अंदाज दर्याबद्दल असतो, इशारा तुमच्याबद्दल. निसर्ग चक्रीवादळाच्या आदल्या दिवशी खात्याचा अंदाज होता, की ते ३ जून २०२० ला दुपारी हरिहरेश्वर ते दमणदरम्यान, अलिबागजवळ किनारा ओलांडेल. एवढ्या लांब पट्ट्यातल्या प्रत्येकाला इशारा एकच द्यावा लागला. वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं, श्रीवर्धन-दिवेआगरच्या नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या, मुंबई बचावली. मुंबईला दिलेला इशारा त्यामुळे चुकीचा ठरत नाही. किनाऱ्यावर हे जुन्या लोकांना पक्कं ठाऊक आहे: ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हटल्यावर कुणी टक्के विचारत नाही. बंदरावरच्या या खुणा एकूण अकरा, आणि अकराव्या नंबरचा अर्थ फार प्रामाणिक आहे: हवामान खात्याशी संपर्क तुटलाय, पण इथल्या अधिकाऱ्याला लक्षण बरं दिसत नाही.

तेव्हा फळ्यावर तुम्ही इशारा आधी लिहा, अंदाज नंतर. ‘होड्या काढू नयेत. उद्या सकाळपर्यंत वारा ताशी ४५ ते ५५ किलोमीटर, मधूनच ६५. चारपैकी तीन वेळा असा अंदाज खरा ठरतो.’ शेवटच्या वाक्यातला आकडा त्या दिवशीच्या पत्रकातल्या शब्दाप्रमाणे बदला. शब्द नसेल तर आकडाही लिहू नका.

राहिलं ‘वर्तवणे’. भविष्य वर्तवतात, त्या जोरावर अंदाजही वर्तवला जाऊ लागला आणि आता तो रूढ आहे, चालेल. ‘शक्यता वर्तवली’ कानाला खटकतं, कारण शक्यता असते, फार तर व्यक्त होते. पण पेपरवाले ते सोडतील याची शक्यता मी दोन आण्यांच्या वर धरत नाही.