मुलांना घेऊन पहिल्यांदा कर्द्याला जाताना

ताई, दापोलीजवळच्या कर्दे समुद्रकिनाऱ्यावर रिसॉर्ट ठरवताना स्विमिंग पूलचे फोटो नंतर बघा. आधी फोन करून विचारा: आवारातून थेट वाळूत उतरता येतं का, आणि पाय धुवायला बाहेर नळ आहे का? नाहीतर वाळू गादीपर्यंत येते आणि पोरं रात्रभर अंग खाजवत बसतात.

भरतीची वेळ मात्र काढायला शिकाच. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीच्या वेळेचा अंदाज येतो: चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुढे साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. तेव्हा ओल्या वाळूवर खेकड्यांनी केलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी बघत मुलं तासन् तास रमतात. पण पाणी मागे सरत असताना त्यांना आत सोडू नका, ओढ जबर असते.

मऊभात, बिनतिखटाची आमटी आदल्या रात्रीच सांगून ठेवा.