‘औषधप्रतिकारशक्ती’ की ‘औषधरोध’?

प्रश्न असा आहे : भारतातल्या एचआयव्हीच्या जनुकीय वैविध्यावरच्या लेखाचा अनुवाद करताना ‘ड्रग रेझिस्टन्स’ला ‘औषधप्रतिकारशक्ती’ म्हटलं, तपासणाऱ्याने ते खोडून ‘औषधरोध’ केलं. बरोबर काय? आणि ‘सबटाइप’ला ‘उपजात’ चालेल का?

खोडलं ते बरं झालं. ‘प्रतिकारशक्ती’ म्हटलं की आपल्याला च्यवनप्राश आठवतो. ती शरीराची, हवीहवीशी, वाढवायची गोष्ट. त्यात एचआयव्ही पोखरतो तीच मुळी प्रतिकारशक्ती. ‘रुग्णांमध्ये औषधप्रतिकारशक्ती वाढली’ हे वाचून एखादा पेढे वाटेल! इथे प्रतिकार करतो तो विषाणू. ‘पेशंट रेझिस्टंट झाला’ असं सर्रास बोललं जातं, त्यातही कर्ता चुकलेलाच.

‘औषधरोध’ तक्त्यात, मथळ्यात ठीक. गतिरोधक गती अडवतो, तसा औषधरोधक विषाणू औषध अडवतो. पण सलग लिहिताना आपल्याकडे याहून चांगलं घरचं बोलणं आहे : ताप औषधाला दाद देत नाही. ‘दाद’ मूळ फारसी, अर्थ न्याय. कोर्टात दाद मागतो ती हीच. मैफलीत ती कौतुक झाली, आणि ‘दाद न देणे’ म्हणजे न जुमानणे. लॅमिव्हुडीन हे एचआयव्हीवरचं एक औषध. ‘लॅमिव्हुडीनला दाद न देणारा विषाणू’ हे कुणालाही कळतं.

काहीजण ‘औषधाला सरावलेला’, ‘निर्ढावलेला’ असं लिहितात. रंगतदार आहे, पण मला खटकतं. सरावायला तोच विषाणू काहीतरी शिकावा लागतो. प्रत्यक्षात एचआयव्हीच्या नकला उतरवणारं विकर (एन्झाइम) सतत चुका करतं आणि मुद्रितशोधन करायला कुणी नसतं. अशाच एखाद्या नकलेत त्या विकराच्याच साखळीत १८४व्या जागी मिथिओनिन या अमिनो आम्लाऐवजी व्हॅलिन हे दुसरं पडतं. गोळ्या चुकल्या, औषध अपुरं पडलं की बाकीचे रोडावतात आणि लॅमिव्हुडीनला दाद न देणारा हा फोफावतो. काहींना तर लागण होतानाच असा विषाणू मिळालेला असतो. त्यांची एकही गोळी चुकलेली नसते. आणि एचआयव्ही-२ हा विषाणूचा दुसरा प्रकार तर नेव्हिरॅपिन या औषधाला पहिल्यापासूनच भीक घालत नाही. तिथे सराव कसला?

‘उपजात’ मात्र नको. आधीच कलंकाचं ओझं असलेल्या आजाराला ‘जात’ कशाला चिकटवायची? उतरंड सरळ आहे : एचआयव्ही-१ आणि २ हे प्रकार, एम-ओ-एन-पी हे गट, आणि एम गटात ए, बी, सी, डी असे उपप्रकार. या अक्षरांत ई आणि आय गाळलेले दिसतील. छापखान्याची चूक नव्हे. ज्यांना ती अक्षरं दिली होती ते संकर निघाले. थायलंडमधला ‘ई’ आता ‘एई’ म्हणून ओळखतात. एकाच पेशीत दोन उपप्रकार शिरले की दोघांची एकेक प्रत एकाच नव्या विषाणूत भरली जाऊ शकते, आणि पुढच्या पेशीत नक्कल करणारं विकर एका प्रतीवरून दुसऱ्या प्रतीवर उडी मारतं. भारतात प्राबल्य सी उपप्रकाराचं असलं, तरी असे संकर इथेही सापडले आहेत. त्यांना ‘संकरित’च म्हणा, बियाण्यामुळे तो शब्द गावोगाव माहीत आहे.

वैविध्याचा आणि औषधाला दाद न देण्याचा संबंध काय, असं कुणी विचारलं तर मी शुद्धलेखनाचं उदाहरण देतो. त्याच विकराच्या १०६व्या जागी बी आणि सी दोघांतही व्हॅलिनच असतं. पण जनुकाच्या तीन-तीन अक्षरी लिपीत बी ते ‘जीटीए’ असं लिहितो, सी ‘जीटीजी’ असं. उच्चार एक, लेखन दोन, आपल्या ऱ्हस्व-दीर्घासारखं. आता तिथे मिथिओनिन, म्हणजे ‘एटीजी’, व्हायला सीला एकच अक्षर चुकावं लागतं, बीला दोन. म्हणून इफाव्हिरेन्झ हे औषध घेणाऱ्यांत हा बदल सी उपप्रकारात जास्त दिसतो. बीवरून बेतलेले ठोकताळे सीला जसेच्या तसे लावता येत नाहीत ते यामुळेच. तेव्हा अनुवादात नुसतं ‘विषाणू’ न लिहिता ‘सी उपप्रकाराचा विषाणू’ असं पुरतं लिहा.