मराठवाड्यात राहून जागतिक मानसिक आरोग्य आणि संशोधन-नैतिकता या क्षेत्रात करिअर होईल का?
बीडहून मानसशास्त्रात एम.ए. करताय आणि या क्षेत्रात प्राध्यापकी, संशोधन जमेल का, असं विचारलंय. जमेल, नक्की. आधी नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा, मग पीएच.डी. उपचार करायचे असतील तरच आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद)-मान्य क्लिनिकल शिक्षण लागतं. या क्षेत्रातलं एक उदाहरण: गोव्याच्या 'संगथ' या संस्थेने डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना समुपदेशन शिकवून त्याचा परिणाम मोजला. ते काम जगभर वाचलं जातं.

खरा कस मात्र नैतिकतेत लागतो. समजा, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नीची मुलाखत घ्यायचीय. सरपंचांनी होकार दिला म्हणजे तिचा होकार झाला नाही. सासरची माणसं समोर बसलेली असताना ती मोकळं बोलेल का? काही मदत मिळेल या आशेने ती 'हो' म्हणत असेल, तर मुलाखतीतून मदत मिळणार की नाही, हे आधी स्पष्ट करायलाच हवं. तिला वाचता येत नसेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमतीच्या वेळी निष्पक्ष साक्षीदार लागतो. आणि तिनेच जिवाचं बरंवाईट करायचं बोलून दाखवलं तर? कुणाकडे न्यायचं हे जिल्हा रुग्णालयाशी बोलून आधीच ठरवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबरही जवळ ठेवा.

पीएच.डी.चा विषय ठरवण्याआधी आयसीएमआरची ती तत्त्वं पूर्ण वाचा.