सोमवारी वर्ग सुरू करशील, त्याआधी

प्रिय बाळा,

सोमवारपासून आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाचा सकाळचा वर्ग तू घेणार हे कळलं आणि फार बरं वाटलं. फिजिओथेरपी तू शिकली आहेस, सांधे आणि स्नायू तुला माझ्याहून कितीतरी जास्त कळतात. पण या माणसांबरोबर मी ११ वर्षं रोज सकाळी साडेसहाला उभी राहिले आहे आणि आता ७३व्या वर्षी त्यांच्यातलीच एक आहे. म्हणून हे पत्र.

सगळ्यात आधी एक लक्षात ठेव. इथे कुणी पडलं तर ते तुला सांगणार नाही. साखर किती आली, गुडघा कुठे दुखतो, हे सगळं न विचारता सांगतील. पण हातावर काळानिळा डाग दिसला म्हणून विचारलंस, तर "काही नाही गं, दार लागलं" म्हणून मोकळे होतील.

असं का, ते मला माझ्यावरून कळलं. पाच वर्षांपूर्वी सकाळी दाराला लावलेली दुधाची पिशवी घ्यायला गेले आणि पायाखालचं पायपुसणं सरकलं. पडताना हात टेकला, डावं मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. मुलगा घाबरला. पर्वती बंद, भाजी आणणं बंद, स्वयंपाकाला बाई आली. "आई, तू आता फक्त बस," म्हणाला. प्रेमानेच म्हणाला, आणि मीही बसले. प्लास्टर निघालं तेव्हा मनगट छान जुळलं होतं, पण कमोडवरून उठताना मला भिंतीवरचा नळ धरावा लागत होता. पायांना तर काहीच झालं नव्हतं! ते नुसत्या बसण्याने गेले.

पुढचं जास्त महत्त्वाचं आहे. दोन महिन्यांनी गॅलरीत वाकून बादलीतले कपडे उचलले, उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली बसकण मारली. दोन दिवस पाठ दुखत होती, पण मी घरात अवाक्षर काढलं नाही. सांगितलं तर उरलंसुरलं फिरणंही जाईल, एवढंच डोक्यात होतं. तीन आठवडे असे गेले. शेवटी डॉक्टरांकडे नेहमीच्या तपासणीला गेले तेव्हा तोंडातून निघालं. त्यांनी आडवं झोपवून बीपी घेतलं, मग उभं करून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा घेतलं. वरचा आकडा २० ने उतरला तरी ते लक्ष देण्यासारखं असतं, माझा त्याहून जास्त उतरला होता. बीपीची गोळी नुकतीच वाढली होती. ती कमी केली आणि चक्कर थांबली. तीन आठवड्यांत माझा खुबा मोडला असता, तो केवळ नशिबाने वाचला.

म्हणून "पडलात का?" असं चारचौघांत विचारू नकोस. एकेकाला बाजूला घेऊन विचार, "या महिन्यात कुठे तोल गेला, धडपडलात, कशाला तरी धरावं लागलं?" आणि ज्याने सांगितलं त्याला वर्गातून बसवू नकोस. हे मी तुला हात जोडून सांगते. एकाला बसवलंस की बाकीचे सगळे त्या दिवसापासून गप्प होतील. कुठे पडले, किती वाजता, पायात काय होतं, चष्मा होता का, नवीन गोळी सुरू झाली होती का, हे विचार. झोपेच्या गोळीबद्दल मुद्दाम विचार, ती माणसं लपवतात. मुलांचे, सुनांचे फोन येतील, "आता त्यांना पाठवत नाही" म्हणून. त्यांच्याशी शांतपणे बोल. त्यांना बाथरूममध्ये भिंतीत पक्का दांडा बसवायला सांग, रात्री वाटेत छोटा दिवा ठेवायला सांग, आणि ती सरकणारी पायपुसणी उचलायला सांग.

व्यायामाचं तू जाणतेसच, एकच सांगते. इथले सगळे म्हणतील, "आम्ही रोज चालतो की!" चालतात, खरंच. आमच्यातले एक काका ७८व्या वर्षी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. पण जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० मिनिटांच्या चालण्याबरोबरच पासष्टीनंतर निदान तीन दिवस तोल आणि ताकदीचाही व्यायाम सांगते, आणि तो कुणी करत नाही. पहिल्याच दिवशी खुर्ची मांड. हात छातीवर दुमडून अर्ध्या मिनिटात कितीदा उठता येतं ते मोज. सत्तरी ओलांडलेल्या बाईला दहा तरी जमायला हव्यात. माझ्या प्लास्टरनंतर चार झाल्या होत्या, आज तेरा होतात. प्रत्येकाचा आकडा त्याच्या वहीत लिही आणि दर महिन्याला पुन्हा मोज. आकडा वाढताना बघून माणूस जो खुलतो, तो तू बघच.

खाण्याचंही विचारत जा. एकट्या राहणाऱ्या बायका स्वतःपुरतं शिजवत नाहीत, रात्री चहा-पोळीवर भागवतात. वजनाच्या किलोमागे एक ग्रॅम तरी प्रथिनं लागतात आणि पातळ वरणाच्या वाटीत जेमतेम पाच-सहा असतात. उसळ, अंडं, दही, जे चालेल ते. किडनीचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारायला लाव.

आता जमिनीवरून उठणं. हे शिकवल्याशिवाय महिना जाऊ देऊ नकोस. कुणी पडलं की आपल्याकडे चार जण धावतात आणि काखेत हात घालून ओढतात. ते आधी थांबव. दोन मिनिटं पडून राहू दे, कुठे दुखतंय ते बघू दे. एक पाय आखूड दिसला, पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं असलं, तर हलवायचं नाही, १०८ला फोन. डोक्याला मार लागला असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्यायचं. काहीच नसेल तर कुशीवर वळायचं, कोपरावर, मग हातापायांवर यायचं, रांगत खुर्चीपर्यंत जायचं, बैठकीवर दोन्ही हात, एक पाऊल पुढे रोवायचं, मग उठून वळून बसायचं. मी हे रोज आंघोळीआधी एकदा करते. पहिल्यांदा जमिनीवर बसायला सगळे बिचकतील. गेल्या वर्षी एका आजींना जमलं तेव्हा त्या खुर्ची धरून रडायला लागल्या. दीड वर्षापूर्वी पडल्या होत्या आणि कामवाली येईपर्यंत चार तास फरशीवर पडून होत्या. घरी मुलाला हे आजतागायत माहीत नव्हतं.

बाकी किरकोळ गोष्टी रोजच्याच. लॅच ओढलं जातं आणि किल्ली आत राहते, म्हणून एक किल्ली शेजारी ठेवायला सांग. गोळी घेतली की नाही आठवत नाही, तिला वारांचे कप्पे असलेली डबी पुरते.

हॉलची किल्ली वॉचमनकडे असते. उजवीकडच्या तिसऱ्या ओळीतल्या दोन खुर्च्या डुगडुगतात, त्या आधी बाजूला काढ. आणि पहिल्या दिवशी जमिनीवरून उठून दाखवायला कुणी हवं असेल तर मी आहे, सव्वासहालाच येऊन थांबेन.

तुझ्या बाई