काँग्रेसचा अध्यक्ष खरंच मतदानाने निवडतात का? पूर्वी कसा निवडायचे?

तुम्ही विचारलंय की काँग्रेसच्या अध्यक्षाची खरंच निवडणूक होते की नाव आधीच ठरलेलं असतं, आणि टिळक-गांधींच्या वेळी काय पद्धत होती. थोडक्यात उत्तर हवं असेल तर, मतदानाची सोय कागदावर कित्येक दशकांपासून आहे, पण मतपेटी बाहेर काढायची वेळ फार थोड्यांदा आली. आणि जेव्हा आली तेव्हा खरा निकाल मतदानाच्या दिवशी लागलाच नाही, एकतर तो आधी मतदारयादी बनतानाच लागलेला होता, नाहीतर मतमोजणीनंतर कार्यकारिणी बनवताना लागला. आता सविस्तर सांगतो, जरा लांबेल.

(मी कुठल्याच पक्षाचा सदस्य नाही. आमचे मामा जन्मभर काँग्रेसवाले, त्यामुळे "पक्षश्रेष्ठी" आणि "हायकमांड" हे शब्द लहानपणापासून जेवणाच्या ताटावर ऐकलेत, एवढाच काय तो माझा संबंध.)

सुरुवातीला अध्यक्षपद म्हणजे तीन-चार दिवसांचं काम होतं. डिसेंबर १८८५ ला मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत ७२ लोक जमले, खरं तर हे पुण्यात व्हायचं होतं पण तिथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला हलवलं, व्योमेशचंद्र बॅनर्जी अध्यक्ष झाले, भाषण झालं, ठराव झाले, आणि मग अध्यक्षसाहेब आपल्या वकिलीला परत. वर्षभर चालवायचं असं काही नव्हतंच. त्यामुळे ज्या शहरात अधिवेशन तिथली स्वागत समिती आणि दोन-चार वजनदार मंडळी, आपल्या बाजूला फिरोजशहा मेहता, हे आपापसात पत्रापत्री करून नाव ठरवायचे आणि अधिवेशनात कोणीतरी सूचना मांडायची, कोणीतरी अनुमोदन द्यायचं, टाळ्या.

हे टाळ्यांवर कुठपर्यंत चाललं, तर जहाल-मवाळ वाद तापेपर्यंत. १९०६ ला कलकत्त्यात टिळकांचं नाव पुढे येतंय असं दिसल्यावर मवाळांनी थेट इंग्लंडहून दादाभाई नौरोजींना बोलावलं, वय ८१, त्याआधी दोनदा अध्यक्ष झालेले. आता दादाभाईंना कोण विरोध करणार? माणूस असा शोधायचा की समोरच्याला तोंडच उघडता येऊ नये, ही युक्ती काँग्रेसमध्ये पुढे शंभर वर्षं चालली.

पुढच्या वर्षी मात्र जमलं नाही. १९०७ चं अधिवेशन नागपूरला ठरलं होतं, तिथे टिळकांच्या माणसांचा जोर, म्हणून मवाळांनी ते सुरतला हलवलं. सुरत मुंबई इलाख्यात आणि यजमान प्रांतातला माणूस अध्यक्ष करायचा नाही असा संकेत, म्हणजे टिळक आपोआप बाद. मवाळांचे उमेदवार रासबिहारी घोष, जहालांना लाला लजपतराय हवे होते. २७ डिसेंबरला टिळक बोलायची परवानगी मागून कंटाळले आणि सरळ व्यासपीठावर जाऊन हाताची घडी घालून उभे राहिले, मी बोलल्याशिवाय हलणार नाही म्हणून. तेवढ्यात मंडपातून एक मराठी जोडा उडाला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता दोघांनाही लागला, मग खुर्च्या, मग काठ्या, मग पोलीस. शाळेच्या पुस्तकात "सुरतची फूट" म्हणून दोन ओळी असतात, पण वादाची ठिणगी अध्यक्ष कोण आणि तो कोणी ठरवायचा हीच होती (मागे ठरावांचं भांडणही होतं, ते नाही म्हणत नाही). जहाल मंडळी त्यानंतर १९१६ पर्यंत बाहेर. टिळकांना १९१८ च्या दिल्ली अधिवेशनासाठी अध्यक्ष निवडलं तेव्हा ते चिरोल खटल्यासाठी (इंग्रज पत्रकार चिरोलवर त्यांनी भरलेला बदनामीचा दावा) विलायतेला निघाले होते, त्यांच्याऐवजी मदनमोहन मालवीय झाले. म्हणजे टिळक कधीच काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले नाहीत आणि महाराष्ट्र काँग्रेसचं दादरचं ऑफिस मात्र टिळक भवन.

१९२० ला नागपुरात नवी घटना झाली, चार आणे वर्गणी, भाषावार प्रांतिक समित्या, १५ जणांची कार्यकारिणी. आता अध्यक्ष वर्षभराचा आणि त्याच्या नावाची शिफारस प्रांतिक समित्या करणार. दिसायला लोकशाही, पण गांधीजी होते ना. ते स्वतः एकदाच अध्यक्ष झाले, १९२४ ला बेळगावात, पण बाकी वर्षी अध्यक्ष कोण हे त्यांच्या मनाविरुद्ध सहसा ठरत नसे. १९२९ ला प्रांतांच्या शिफारशी आल्या त्यात गांधीजींच्या नावाला सगळ्यात जास्त, मग वल्लभभाई, आणि जवाहरलाल सगळ्यात मागे. गांधीजींनी स्वतः नकार दिला, वल्लभभाई बाजूला झाले आणि अध्यक्ष झाले जवाहरलाल. १९४६ ला पुन्हा जवळपास हेच, बहुतेक प्रांतांनी पटेलांचं नाव दिलेलं आणि शेवटी नेहरू. यावर नेटवर रोज भांडणं चालतात त्यात मला पडायचं नाही, पद्धत कशी होती तेवढं सांगतोय.

आता १९३९, हे नीट समजून घ्या कारण पुढचं सगळं यात दिसतं. नंतर लढती झाल्या पण पक्षातल्या वरच्यांच्या मर्जीविरुद्ध जाऊन जिंकण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण दुसरं नाही. सुभाषबाबू १९३८ ला हरिपुऱ्याला गांधीजींच्या संमतीने अध्यक्ष झाले होते, पुढच्या वर्षी ते म्हणाले मी परत उभा राहणार. आधी मौलाना आझादांचं नाव होतं, त्यांनी माघार घेतली, मग पट्टाभी सीतारामय्यांना उभं केलं. २९ जानेवारी १९३९ ला प्रतिनिधींनी मतदान केलं, बोस १५८०, पट्टाभी १३७७. गांधीजी म्हणाले की पट्टाभींचा पराभव हा त्यांच्यापेक्षा माझाच जास्त आहे. झालं. कार्यकारिणीतल्या बहुतेक सगळ्यांनी राजीनामे दिले. मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला अधिवेशन, सुभाषबाबू तापाने फणफणलेले, स्ट्रेचरवरून आणलेले, आणि तिथे गोविंदवल्लभ पंतांनी ठराव आणला की अध्यक्षांनी कार्यकारिणी गांधीजींच्या इच्छेप्रमाणे नेमावी. ठराव पास झाला. म्हणजे ज्यांनी जानेवारीत बोसना निवडून दिलं त्याच पक्षाने मार्चमध्ये त्यांचे हात बांधले. गांधीजी नावं सांगेनात, बोसांना स्वतःची नावं घालता येईनात, एप्रिलमध्ये राजीनामा आणि राजेंद्रप्रसाद अध्यक्ष. मतं मोजून जिंकलेला अध्यक्ष ठीक तीन महिने टिकला.

स्वातंत्र्यानंतर १९५० ला पुन्हा तेच झालं, फक्त माणसं वेगळी. पुरुषोत्तमदास टंडन पटेलांच्या बाजूचे, नेहरूंना ते नको होते, समोर आचार्य कृपलानी आणि तिसरे आपले शंकरराव देव. टंडन १३०६, कृपलानी १०९२, देव २०२. नाशिकला अधिवेशन झालं, टंडन अध्यक्ष. डिसेंबरमध्ये पटेल गेले. १९५१ ला नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला, निवडणुका तोंडावर, पक्षाला नेहरूंशिवाय चालणार नव्हतं, टंडन गेले आणि नेहरू स्वतःच अध्यक्ष झाले. तिथून एक गोष्ट पक्की झाली, की पंतप्रधान आणि अध्यक्ष यांच्यात ओढाताण झाली तर जाणार अध्यक्षच. ढेबर, संजीव रेड्डी वगैरे नेहरूंच्या मर्जीनेच झाले. कामराज थोडे वेगळे, नेहरूंच्या नंतर शास्त्रीजींवर एकमत घडवून आणणारा अध्यक्ष हाच. १९६९ ला निजलिंगप्पांनी अध्यक्ष म्हणून इंदिरा गांधींनाच पक्षातून काढून टाकलं, अधिकार होता त्यांना, पण बहुसंख्य खासदार बाईंच्या बाजूने गेले आणि निजलिंगप्पांच्या हातात उरली संघटना काँग्रेस.

इंदिराजींच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. बरुआ अध्यक्ष असताना "इंदिरा इज इंडिया" म्हणून गेले, आणि १९७८ च्या फुटीनंतर तर पंतप्रधान, अध्यक्ष सगळं एकच. १९७२ नंतर जवळपास वीस वर्षं पक्षांतर्गत निवडणुकाच नाहीत. याच काळात तो प्रसिद्ध "एका ओळीचा ठराव" रुजला. दिल्लीहून निरीक्षक येणार, आमदारांना एकेकट्याने भेटणार, मग बैठक, आणि बैठकीत ठराव एवढाच, की नेता निवडीचे सर्व अधिकार पक्षश्रेष्ठींना देण्यात येत आहेत. महाराष्ट्रातले किती मुख्यमंत्री असे आलेत बघा. आमचे मामा म्हणायचे, आमदारांना आपला मुख्यमंत्री कोण हे बातम्यांतूनच कळायचं.

नरसिंह रावांनी १९९२ ला तिरुपतीला कार्यकारिणीची खरी निवडणूक घेतली, गुप्त मतदान वगैरे. अर्जुन सिंह, शरद पवार चांगल्या मतांनी निवडून आले. रावांना ते परवडणारं नव्हतं. मग ते म्हणाले की निवडून आलेल्यांत एकही महिला नाही, दलित नाही, आदिवासी नाही (आणि हे खरंच होतं), त्यामुळे सगळ्यांनी राजीनामे दिले, रावांनी नव्याने कार्यकारिणी नेमली. पवार आणि अर्जुन सिंह परत आले पण नेमणुकीवर, म्हणजे रावांच्या कृपेने. एवढा हुशार डाव मी दुसऱ्या कुठल्या अध्यक्षाचा वाचलेला नाही.

१९९७ ला सीताराम केसरी विरुद्ध शरद पवार विरुद्ध राजेश पायलट. महाराष्ट्रात तेव्हा केवढं वारं होतं, साहेब अध्यक्ष होणार म्हणून. निकाल काय, केसरी ६२२४, पवार ८८२, पायलट ३५४. आता हे कसं? तर केसरी वर्षानुवर्षं पक्षाचे खजिनदार आणि तेव्हा अध्यक्षही तेच, "न खाता न बही, जो केसरी कहे वही सही" ही म्हण त्यांच्यावरच. मत द्यायचं प्रदेश प्रतिनिधींनी. साधारण एका ब्लॉकमधून (पक्षाचा तालुक्याच्या पातळीवरचा विभाग) एक प्रतिनिधी, आणि तो कोण हे ब्लॉकमध्ये मतदान होऊन ठरण्यापेक्षा प्रदेशच्या नेत्यांनी यादी दिली की ठरतं, वाद असेल तर दिल्लीत मिटतं. पक्षाध्यक्ष ज्याच्याकडे, यादीवर वजन त्याचं. पवार लोकनेते होते पण लोकांना मत नव्हतं, यादीतल्यांना होतं.

आणि तेच केसरी एवढी मतं घेऊन वर्षसुद्धा धड टिकले नाहीत. १४ मार्च १९९८ ला कार्यकारिणीने विशेष परिस्थितीचं कलम वापरून त्यांना बाजूला केलं आणि सोनिया गांधींना आणलं, ज्या १९९७ लाच पक्षाच्या सदस्य झाल्या होत्या. केसरींच्या नावाची पाटी त्याच दिवशी उतरली. २००० ला जितेंद्र प्रसाद सोनियांविरुद्ध उभे राहिले, ७४४८ विरुद्ध ९४.

आता २०२२ बद्दल, कारण तुमचा प्रश्न बहुतेक तिथूनच आलाय. राहुल गांधींनी २०१९ ला राजीनामा दिला, सोनिया हंगामी, मग पक्षात निवडणुका घ्या म्हणणारं तेवीस नेत्यांचं पत्र, मग एकदाची निवडणूक. आधी अशोक गेहलोत होणार होते, पण जयपूरला त्यांच्या आमदारांनी बंड केलं आणि त्यांचं नाव मागे पडलं, मग खर्गे विरुद्ध थरूर. थरूर आणि आणखी काही खासदारांनी सुरुवातीलाच मागितली ती काय, तर मतदारयादी! पक्षाने सांगितलं यादी जाहीर करणार नाही, उमेदवाराला बघायला मिळेल. मिळाली त्यात अनेकांचे फोन नंबर नाहीत अशी तक्रार थरूरांची. मतपत्रिकेवर खर्गेंचा क्रमांक १, थरूरांचा २, आणि सूचना अशी की पसंतीच्या नावापुढे "१" लिहा. थरूर म्हणाले, अहो गोंधळ होईल, १ लिहा म्हणजे एक नंबरवाल्याला मत द्या असं लोकांना वाटेल. ते मात्र ऐकलं, १ ऐवजी टिक करायला सांगितलं. सगळ्या राज्यांच्या मतपत्रिका एकत्र मिसळून मग मोजल्या, म्हणजे कुठल्या राज्याने कोणाला दिलं कळू नये, ही चांगली गोष्ट होती हे कबूल करायला पाहिजे. खर्गे ७८९७, थरूर १०७२, बाद ४१६.

थरूरांना हजारच्या वर मतं मिळाली याचं मला खरं तर कौतुक वाटलं, १९९७ ला पवारांना मिळाली त्याहून जास्त. पण त्याच सुमारास अनेक प्रदेश समित्यांनी ठराव करून टाकले होते की प्रदेशाध्यक्ष आणि अखिल भारतीय समितीचे प्रतिनिधी नेमायचे अधिकार पक्षाध्यक्षांना. म्हणजे वरचा माणूस मतदानाने आणि प्रदेशातले नेते त्याने नेमलेले, आणि पुढच्या वेळी मतदारयादीवर वजन त्यांचंच. फेब्रुवारी २०२३ ला रायपूरच्या अधिवेशनात कार्यकारिणीची निवडणूक घ्यायची का हा विषय आला तेव्हाही ठरलं काय, तर निवडणूक नको, खर्गेंनीच नावं नेमावीत.

सामान्य सदस्याला मत आहे का असंही तुम्ही शेवटी विचारलंय. नाही. थेट नाही. घटनेप्रमाणे तुमचं मत तुमच्या ब्लॉकच्या प्रतिनिधीपर्यंत. अध्यक्षाची मुदत आता पाच वर्षांची आहे, म्हणजे पुढची निवडणूक २०२७ च्या आसपास यायला हवी. तेव्हा उमेदवारांची नावं टीव्हीवर यायच्या कितीतरी आधी तुमच्या तालुक्यातून प्रतिनिधी कोण गेलाय तेवढं विचारून बघा.