दहा वर्षांच्या मुलाला सुट्टीत ‘२१ दिवसांत वजन घटवा’ शिबिरात घालावे का?

तुमच्या मुलाची उंची १४० सेंटीमीटर आणि वजन ४८ किलो असून सुट्टीतील अशा शिबिराचे पैसे भरावेत का, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात मुलांची आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझे स्पष्ट मत आहे की भरू नयेत.

त्याचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती आहे हे सांगणारा आकडा, सुमारे २४.५ येतो. भारतीय बालरोग अकादमीच्या तक्त्यांनुसार या वयाला तो लठ्ठपणाच्या रेषेच्या वर जातो, तेव्हा ‘मोठा झाला की आपोआप उतरेल’ म्हणून थांबू नका. मात्र वर्षभरात उंची सहा सेंटीमीटरने वाढली आणि वजन ४८ वरच राहिले, तर हाच आकडा २२.५ वर येतो. वाढत्या वयात उंचीच आपल्या बाजूने काम करत असते. तिला मोडता घालणारे उपवास किंवा पोळी-भात बंद करणे त्याच्यावर लादू नका.

अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवा तज्ज्ञ मंडळाने सहा वर्षांवरील लठ्ठ मुलांसाठी वर्षभरात किमान २६ तास मार्गदर्शन मिळेल, अशा कार्यक्रमाची शिफारस केली आहे. त्यामुळे कोणत्याही कार्यक्रमात पहिली चौकशी ही करा, की तो किती महिने चालतो आणि आईवडिलांना सत्रांना बसवतात का. एकटे मूल बदलून त्याच स्वयंपाकघरात परत आले, तर वजनही परत येते.

आमच्याकडे येणाऱ्या एका मुलाचे वजन दोन महिने वाढतच होते. तिसऱ्या महिन्यात त्याचे आजोबा सत्राला आले, तेव्हा कळले की ते रोज संध्याकाळी नातवासाठी दोन समोसे आणतात. “त्याच्यासाठी आणखी काय करू मी?” असे विचारताना त्यांचे डोळे भरून आले. आम्ही त्यांनाच रोज सकाळी नातवाला सेमिनरी हिल्सला फिरायला नेण्याचे काम दिले. समोसा रविवारपुरता उरला आणि पुढच्या तपासणीपासून काटा थांबला.

दिवसाला साठ मिनिटे दम लागेल असे खेळणे हवे, पण ती सलग असण्याची गरज नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, म्हणून सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच बाहेर पाठवा. संत्र्याचा रस न देता अख्खे संत्रे द्या. तर्री पोहे कायमचे बंद करू नका, महिन्यातून एकदा सगळे मिळून खा. झोप नऊ तासांपेक्षा कमी होऊ देऊ नका. आणि घरात कोणीही, अगदी लाडानेसुद्धा, त्याला ‘जाड्या’ म्हणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्या शब्दाने चोरून खाणारी मुले मी पाहिली आहेत.

त्याच्या मानेची कातडी काळवंडून जाड झाली असेल किंवा तो झोपेत घोरत असेल, तर बाकी सगळ्याच्या आधी बालरोगतज्ज्ञांकडे जाऊन रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्या.